दारात समुद्र, ओटीवर टाकी

कोकणात मासे बघायची हौस फुकटात भागते. सकाळी बंदरावर जाऊन उभं राहायचं. तरीही एखाद्याच्या डोक्यात चार फुटी टाकीचं खूळ शिरतंच, आणि एकदा शिरलं की ते कुठल्याच औषधाला दाद देत नाही. अशा माणसाला मी अडवत नाही. एवढंच विचारतो: तुमचा गणपती कुठे बसतो?

थट्टा नव्हे, हिशोब आहे. 120 सेंमी लांब, 45 रुंद, 60 उंच म्हणजे 324 लिटर. पाणी तितकेच किलो, 12 मिमीची काच 75 किलो, रेती 40 किलो. सव्वाचारशेच्या वर गेलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ‘जरा बाजूला सरकवू या’ म्हणायची सोय उरत नाही. लाकडी तुळयांच्या माडीवर तर टाकी चढवूच नये. मासे कधीतरी जिना न वापरता खाली येतील.

स्टँडचं म्हणाल तर प्लायवुड पहिल्याच पावसाळ्यात फुगतं आणि लोखंडी अँगल खारी हवा खाते. आपला चिऱ्याचा कट्टा बरा. वर कडाप्पा, त्यावर इंचभर थर्माकोल, म्हणजे बारीक उंचसखलपणा तो पोटात घेतो. गवंडी एक डोळा मिटून ‘बरोबर आसा’ म्हणेल. त्याचा मान राखावा आणि स्पिरिट लेव्हल आपण लावावी, कारण टाकी भरल्यावर पाणी कट्ट्याचा तिरकेपणा सगळ्या गावाला दाखवतं.

आता काच. चारी बाजू तळाच्या काचेवर उभ्या करायच्या असतील तर आखूड बाजू 45 सेंमीची कापायची नसते. पुढची-मागची काच मिळून 2.4 सेंमी जातात, दोन्हीकडच्या सिलिकॉनला दोनेक मिमी. उरतात सुमारे 42.4. काच कापणाऱ्याला हे कागदावर लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं माप दुकानाबाहेर पडेपर्यंत बदलतं. भरल्या टाकीत समोरच्या काचेवर दोनशे किलोच्या आसपास जोर येतो, म्हणून वरच्या कडेला दोन-तीन इंची काचपट्ट्या आणि मधे एक आडवी पट्टी हवीच. पट्टीशिवाय काच फुगते, आणि तिच्याकडे बघून आपलं पोट आत जातं.

सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, साधं घ्यावं. बुरशीनाशक मिसळलेलं बाथरूमचं घेतलं तर ते बुरशीबरोबर माशांचाही बंदोबस्त करतं. गंमत अशी की सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, म्हणजे ज्या दमट हवेने आपले पापड सादळतात तीच इथे कामाला येते. पण काचेवर दमटपणाचा थर असला तर ते धरत नाही. तेव्हा कडा अ‍ॅसिटोनने पुसाव्यात, पंख्याखाली वाळवाव्यात, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून सिलिकॉनची सलग रेघ ओढावी. पाचेक मिनिटांत बोट फिरवून टेप काढायची. साय धरल्यावर काढली तर सगळी कड उचलून येते. मग आठवडाभर टाकीला हात लावायचा नाही. नंतरची चाचणी अंगणात: एक तृतीयांश पाणी, रात्रभर थांबा, पुन्हा एक तृतीयांश. ओटीवर पहिल्यांदाच काठोकाठ भरणाऱ्याचं धाडस मोठं असतं, आणि फडकी कमी पडतात.

किनाऱ्यावरची रेती फुकट आहे म्हणून आणू नये. थोडी वाटीत घेऊन व्हिनेगर टाका. फसफसली तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे आणि पाणी हळूहळू जड होणार. पाण्याचं दुखणं आणखी वेगळं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, पण किनाऱ्यालगतची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते. मचूळ पाण्यात मॉली जातीचे मासे मजेत राहतात, एंजल नाही. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर पडते. तिच्याने माणसांचे जुलाब थांबतात आणि माशांचा श्वास. ते पाणी क्लोरीन मारणारं औषध घातल्याशिवाय वापरू नये.

टाकी भरली की खरा छळ सुरू होतो, कारण मासे लगेच सोडायचे नसतात. फिल्टर अखंड चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर शेजारी येऊन विचारणारच, “रिकाम्या पाण्याक लायटी लावून बसलंस काय रे?” पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावर पाच-सहा मॉली सोडाव्यात. तोच शेजारी पुन्हा येतो: “येवढ्या पाण्यात येवढेशेच? तिकल्याक पण पुरूचे नाय.” तिकलं म्हणजे माशांचं तिखट कालवण. याला उत्तर नसतं. चहा द्यावा.

मे महिन्यात पाणी 31-32 अंशांवर जातं, प्राणवायू कमी होतो आणि त्याच सुमारास मुंबईची पोरं येऊन खाद्याचा अख्खा डबा टाकीत उलटा करतात. पृष्ठभागावर पंखा, तळाचं खाद्य नळीने खेचून बाहेर, एक चतुर्थांश पाणी बदल, आणि डबा फळीवर. काढलेलं पाणी अळवाला घालावं. ते अळू पाहुणे न बोलता खातात.

राहिली लाईट. ती जाणारच. एअर पंप टाकीच्या खाली ठेवला असेल तर तो बंद पडताच नळीतून पाणी उलटं येऊन पंपात, पंपातून बोर्डात उतरतं. नळीला उलट झडप लावावी, नाहीतर पंप पाण्याच्या पातळीच्या वर खिळ्याला टांगावा. तिथून त्याची घरघर रात्रभर ऐकू येते. आपल्याला सवय होते, घरच्यांना जरा उशिरा.