१९७५ ही सीमारेषा चुकीची आहे

१९७५ मध्ये गायक गॅब्रिएल गेला आणि जेनेसिस हा इंग्लिश रॉक बँड संपला, हे या बँडवरच्या लेखातलं म्हणणं पटत नाही. गायक बदलला, गाणं ड्रमर कॉलिन्सकडे आलं, पण रचना करणारे बँक्स (कीबोर्ड) आणि रदरफर्ड (बास) तिथेच होते. १९७६ मधला 'अ ट्रिक ऑफ द टेल' हा अल्बम ऐका: 'डान्स ऑन अ व्होल्केनो' सात मात्रांत चालतं आणि कॉलिन्स ड्रम्सवर कुठेही ढिला पडत नाही.

खरी फट पडली ती १९७७ मध्ये गिटारवादक हॅकेट बाहेर पडल्यावर. 'फर्थ ऑफ फिफ्थ' या गाण्यात बासरीवर आधी येऊन गेलेली सुरावट तो गिटारवर लांबलचक स्वर धरून पुन्हा उभी करतो. तो रंग नंतरच्या तिघांकडे उरला नाही. माझ्या मते १९७२ मधल्या 'फॉक्सट्रॉट' अल्बमपासून 'विंड अँड वदरिंग' अल्बमपर्यंतचा सलग काळ हाच सर्वोत्तम, दोन्ही गायकांसकट.

तरी पुढचं सगळं 'साधं पॉप' म्हणून मोडीत काढू नका. १९८० च्या 'ड्यूक'मधल्या 'टर्न इट ऑन अगेन'चा मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) १३ मात्रांचा आहे. चार-चारच्या हिशेबाने टाळी धरलीत तर तिसऱ्या चौकडीनंतर एक मात्रा उरते, सम हुकते आणि पुढच्या आवर्तनात टाळी आणखी सरकते. एवढं अवघड गाणं लोकांनी हिट केलं, याचं मला फार कौतुक वाटतं!

आणि तुलना करताना एकाच मिक्सवर, म्हणजे एकाच ध्वनिमिश्रणावर, करा. २००७-०८ मध्ये निघालेल्या, ध्वनिमिश्रक निक डेव्हिसने नव्याने मिक्स केलेल्या आवृत्त्यांत वाद्यांचा तोल मूळ एलपीपेक्षा वेगळा आहे. एक अल्बम जुना आणि एक नवा ऐकून काळ ठरवला तर आपण मिक्सलाच गुण देतो.