सोवळ्यातला चावटपणा

जुनं इंग्रजी नाटक किंवा कादंबरी वाचायला घेतली, की माझा सगळ्यात आधी विश्वास उडतो तो साध्यासुध्या नामांवरचा. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये 'कॉव्हेंट गार्डन' या पेठेची 'नन' म्हणजे वेश्या. तिथली 'ॲबेस', म्हणजे मठाधिपतीण, ही कुंटणखान्याची मालकीण. आणि 'कॉव्हेंट गार्डनचा हिवताप' म्हणजे गुप्तरोग, तो डासांमुळे होत नसे. फ्रान्सिस ग्रोस या धष्टपुष्ट गृहस्थांनी १७८५ साली आपल्या बाजारू बोलीच्या कोशात असला सगळा ऐवज अकारविल्हे लावून ठेवला. त्यात संभोगाला शब्द आहे 'टोपल्या विणणं', आणि मूल जन्माला घालणं म्हणजे 'लहान मुलांच्या मोज्यांसाठी पाय बनवणं'! इतका गृहोद्योगी शृंगार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

चर्चची बदनामी उगाच झाली म्हणावं, तर तसंही नाही. थेम्सच्या दक्षिणेला सदर्कमधले कुंटणखाने विंचेस्टरच्या बिशपच्या हद्दीत होते आणि भाडं त्यांच्याच तिजोरीत जाई. म्हणून तिथल्या बायका झाल्या 'विंचेस्टर गूज', म्हणजे विंचेस्टरची हंसी, आणि त्यांच्याकडून मिळणारी जांघेतली गाठही त्याच नावाची. आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये ती घरं बंद केली. शब्द मात्र बेघर झाला नाही.

तर वाचताना करायचं काय? आधी साल बघा, मग लंडनची पेठ, मग बोलणारा कोण ते. नोकर बोलत असेल तर प्रत्येक अवजारावर संशय घ्या. शेक्सपिअरच्या पात्राने प्रेमात 'मरतो' म्हटलं, तर लगेच तिरडी बांधू नका; तो कामसुखाच्या परमोच्च क्षणाबद्दल बोलत असू शकतो. धोका उलट बाजूनेही आहे. चार पानांत डोळे असे बिघडतात, की खरोखरची टोपलीही अश्लील दिसू लागते. त्यावर माझा नियम कडक आहे: त्याच काळातल्या आणखी दोन मजकुरांत तोच अर्थ सापडला पाहिजे. नाहीतर टोपली ती टोपलीच.

सगळ्यात छळवादी प्रकार कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनच्या कष्टकरी बोलीतल्या, यमकांचा. नको तो शब्द घ्यायचा, त्याच्याशी शेवट जुळणारी दोन शब्दांची जोडी शोधायची आणि यमकाचा शब्दच गिळून टाकायचा. 'फार्ट'ला (म्हणजे पादण्याला) 'रास्पबेरी टार्ट', मग टार्ट गायब, उरली रास्पबेरी. आजही तोंडाने काढलेल्या तशा आवाजाला या फळाच्याच नावाने ओळखतात. 'बर्क' म्हणजे बावळट, हा शब्द इंग्रज माणूस चारचौघांत सहज वापरतो. त्याच्या मागे 'बर्कली हंट' आहे. हंटचं यमक कशाशी जुळतं, ते तुमचं तुम्ही जुळवा.

कोशकारांकडे दाद मागावी, तर ते आधीच लाजलेले. ग्रोससारखा धीट माणूसही काही शब्दांच्या मध्ये फुल्या मारतो. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाने इंग्रजीतल्या सर्वात प्रसिद्ध चार अक्षरांना थेट १९७२ च्या पुरवणीत जागा दिली. तोच शब्द कोशकार नेथन बेली यांनी अठराव्या शतकातच छापला होता, पण अर्थ दिला लॅटिनमध्ये. म्हणजे बिघडायचं असेल, तर आधी लॅटिनच्या विभक्ती पाठ करा.