सौ. म्हणे!

कॉलेजच्या गेट-टुगेदरला सहकुटुंब या, सहकुटुंब या करून दोन महिने ग्रुपवर डोकं खाल्लं आमच्या बॅचच्या पोरांनी, माणशी बाराशे घेतले, लेकरांचेही पूर्ण घेतले, म्हणून पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रभर अंग आंबवत चौघं जळगावला उतरलो. आणि गेटवर बॅज काय मिळाला? 'सौ.', पुढे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव! अरे या नावाची कोणी होती का २००३ च्या बॅचला?? हजेरीला तीन वर्षं ज्या नावाने ओ दिली ते कुठे गेलं? पोरांच्या बॅजवर मात्र टोपणनावंसुद्धा छापली होती, 'पप्या', 'बंड्या' सगळं व्यवस्थित.

आमचे हे सांगलीचे, या कॉलेजात जन्मात पाय ठेवलेला नाही. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, श्रीफळ, वर 'आपल्या खान्देशाचे जावई' म्हणून टाळ्या. मी मागे, वहिनी लोकांत. हो, वहिनीच! ज्याने तिन्ही वर्षं माझी जर्नलं उतरवून काढली तो माईकवरून मला वहिनी म्हणतो. आणि भाषणं किती, अडीच तास, लेकरं पार पेंगुळली.

मला पोरीला फक्त माझी होस्टेलची खोली दाखवायची होती. परीक्षेच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये, पंचेचाळीस डिग्रीत आम्ही चादरी ओल्या करून पांघरायचो, अर्ध्या तासात खडखडीत वाळायच्या परत उठून भिजवायच्या, हे तिला खरंच वाटत नाही. तर म्हणे लेडीज होस्टेलची परमिशन काढायची राहून गेली. बॉईज होस्टेलची बरी राहिली नाही! तिकडे बस नेली, प्रत्येकाने आपापल्या कॉटवर लोळून फोटो काढले, आणि आम्ही बायका बाहेर उन्हात पर्सा सांभाळत उभ्या.

जेवणाचं तर बोलूच नका. ऐन डिसेंबर, बाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग, या वांग्याला जीआय टॅग आहे बाबांनो, आणि ताटात काय तर पनीर बटर मसाला अन् मंचुरियन. कळण्याची भाकरी आणि ठेचा मागितला तर केटररवाला माझ्याकडेच बघत बसला. ह्यांना मी आठ दिवस भरताचं सांगून ठेवलेलं, ते आपले पनीर खाऊन खूश.

काल ग्रुपवर मेन फोटो आला. खाली लिहिलंय 'आपली बॅच, आपली माणसं'. मी झूम करून मोजलं, एकवीस पोरं आणि मधोमध शाल घेतलेले आमचे हे.