पावणीतल्या अटी कोण वाचतो?

चवथ झाली, घसा बसला. गेली बारा वर्षं गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीची पावणी मीच पुकारतो. घाटावरच्या मित्रांसाठी सांगतो, पावणी म्हणजे लिलाव. तुमचा ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘लेलांव’वरून आला, आणि ज्यांच्या उरावर ते साडेचारशे वर्षं बसले ते आम्ही अजून पावणीच म्हणतो. असो.

माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळांची चौकट, उतरली की तिची फळं एकेक करून पुकारायची. कवंडळं, आंबाडे, चिबूड, सुपारीचा घड आणि सगळ्यात शेवटी देवापुढचा नारळ. बाजारात चाळीस-पन्नासला मिळणारा नारळ इथे हजारांत जातो. लोक वेडे नाहीत. पैसे मंडळाला जातात हे प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि कोणी किती बोलला हे सगळ्या वाड्याला ऐकू जातं.

यंदा नारळावर दोन सख्खे भाऊ भिडले. घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद आहे. पाचशे, सातशे, अकराशे. थोरल्याने दोन हजार म्हटलं तसा मंडप गप्प. मी “एक वार” म्हटलं, “दोन वार” म्हटलं आणि मुद्दाम तांब्या उचलून पाणी प्यायलो. पुकारणाऱ्याची सगळी कला या पाण्याच्या घोटात आहे. घाई केली तर पैसे बुडतात, फार ताणलं तर लोक हसतात. धाकट्याने बायकोकडे बघितलं आणि तो खाली बसला. तीन वार.

ते दोन हजार अजून आलेले नाहीत. थोरल्याला मी काही बोलू शकत नाही, कारण अटच तशी आहे. पैसे पुढच्या चवथीपर्यंत द्यायचे. ही एवढी एकच अट, आणि ती मी पहिल्या बोलीआधी तीनदा ओरडून सांगतो.

मला बोलायचंय ते इथून पुढे. आमच्या खाजन शेतीत, म्हणजे नदीकाठी बांध घालून खारं पाणी अडवलेल्या भातशेतीत, मानस आहे. बांधातलं हे लाकडी दार ओहोटीला शेतातलं पाणी नदीत सोडतं आणि भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटतं. पाण्याबरोबर मासळी येते, म्हणून मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी होते. ती कुळांचा संघ करतो आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हायची असते. पद्धत चांगलीच आहे. पण पावणी घेणाऱ्याला मासळी हवी, म्हणजे खारं पाणी आत हवं. शेतकऱ्याला भात हवं, म्हणजे तेच पाणी बाहेर हवं. या दोघांच्या मध्ये फक्त अटींचा कागद उभा असतो. दार कधी उघडायचं, पाणी किती घ्यायचं, बांधाला धक्का लागला तर भरपाई कोणी करायची, हे सगळं त्यात असतं.

तीन वर्षांमागे आमच्या मानशीला कधी नव्हे एवढी बोली लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. अटी कोणीतरी पुटपुटल्यासारख्या वाचल्या होत्या. भात पोटरीला आलं असताना रात्री दार उघडं राहिलं की ठेवलं, देव जाणे. सकाळी बाबांबरोबर बांधावर गेलो तर आमच्या शेतात गुडघाभर पाणी. बाबांनी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि थुंकले. एवढी मोठी बोली लावणारा ती मासळीतूनच वसूल करणार, हे टाळ्या वाजवताना आमच्या डोक्यात आलं नाही.

मांडवी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्ज जाताना दिसतात तेव्हाही मला हेच आठवतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुढे डिचोलीपासून खाणींच्या ब्लॉकांचे ई-लिलाव सुरू झाले. तिथे पुकारणारा नाही. खनिजाच्या सरासरी विक्री किमतीच्या किती टक्के सरकारला देणार, ते आकडे पडद्यावर चढत जातात. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. संगणकाचं हे ‘दोन वार’, फक्त पाणी कोणी पीत नाही. पूर्वी पट्टे नुसते नूतनीकरण करून मिळायचे, त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, यात वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपरात टक्के छापून येतात. ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, पावसात माती कोणाच्या शेतात उतरणार, या अटी चहाच्या दुकानात कोणाच्या तोंडी ऐकल्यात तुम्ही?

येत्या रविवारी मानशीची पुन्हा पावणी आहे. परवा संघात जाऊन अटींची प्रत मागितली. उत्तर मिळालं, “वाचून कित्याक? उगीच उशीर जाता.” तरी मी प्रत घेऊन आलोय. साडेतीन पानं आहेत. आलं-मधाच्या गुळण्या चालू आहेत, रविवारपर्यंत घसा सुटायला हवा.