तासाला एक जीबी? हिशोब करून बघा

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. इंटरनेटवरचा व्हॉइस कॉल म्हणे तासाला एक जीबी डेटा खातो. आवाज जितका स्वच्छ, तितका खर्च जास्त. दोघं गप्प बसले तरी मीटर चालूच. आणि आवाज तुटायला लागला की मोठ्या स्पीडचा प्लॅन घ्यावा.

आधी तो एक जीबी. १९७२ सालचा जी.७११ हा कोडेक (आवाजाचे आकडे करणारी आणि परत आवाज बनवणारी पद्धत) आजच्या मानाने चांगलाच खादाड. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट). हा आवाज साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांतून, म्हणजे पॅकेटांतून जातो आणि प्रत्येक पॅकेटवर आयपी, यूडीपी, आरटीपी या इंटरनेटच्या नियमांप्रमाणे पत्ता-क्रमांक वगैरे मिळून ४० बाइटांचं हेडर चढतं. सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे आणखी १६ केबीपीएस. झाले ८०. आवाज जातो तसा येतोही, म्हणून १६०. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तासाला ७२ एमबी! एक जीबी संपवायचा तर जवळजवळ चौदा तास बोलत बसावं लागेल. (जी.७२९ या दुसऱ्या कोडेकमध्ये तर गंमतच आहे: आवाज ८ केबीपीएस, हेडर १६. मालापेक्षा हमाली दुप्पट.) फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा व्हिडिओ कॉलचा आकडा उचललाय. दोन्हीकडून एकेक एमबीपीएस धरलं तर तिथे तासाला ९०० एमबी सहज जातात.

स्वच्छ आवाज म्हणजे जास्त डेटा, हे एकाच कोडेकपुरतं बरोबर आहे. कोडेक बदलला की गणित उलटतं. जी.७११ सेकंदाला ८००० नमुने घेतो, त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचं काही त्यात उरतच नाही, आणि ‘स’चा बराचसा जोर तर त्याच्याही वर असतो. फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होते ती यामुळेच. २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस हा कोडेक २४ केबीपीएसमध्ये याच्या दुप्पट, म्हणजे ८००० हर्ट्झपर्यंतचा, आणि त्याहूनही रुंद पट्टा नेतो. हेडर धरून एका बाजूचे ४० केबीपीएस, दोन्ही बाजूंचे तासाला ३६ एमबी. डेटा निम्मा, आवाज सरस.

गप्प बसण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा. ओपसमध्ये शांततेत पॅकेट जवळपास थांबवायची सोय आहे, पण ती ॲपने चालू ठेवलेली असेल तरच.

राहिला प्लॅन. ४० केबीपीएस जायला १०० एमबीपीएसची लाइन कशाला? आवाज तुटतो तो पॅकेट हरवल्याने किंवा मागेपुढे पोचल्याने. उशिरा आलेल्यांसाठी ॲप थोडं थांबतं, पण एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांपलीकडे गेला की बोलणं एकमेकांवर आदळायला लागतं. घरात कुणी त्याच वायफायवरून लग्नाचे फोटो अपलोड करत असेल, तर तुमची पॅकेट राउटरमध्ये त्या फोटोंच्या मागे रांगेत उभी असतात. तेव्हा नवा प्लॅन घेण्याआधी अपलोड थांबवून एकदा कॉल लावून बघा. राउटरमध्ये क्यूओएस (कोणता डेटा आधी सोडायचा हे ठरवण्याची सोय) असेल तर व्हॉइसला अग्रक्रम द्या, त्याला पैसे पडत नाहीत.