नातवाला दिलेली अर्धी गोळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुलाब बांधणाऱ्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखात 'या गोळ्या घेऊच नका' असं मी लिहिलं होतं. त्यावरचे तुमचे आक्षेप मला असे समजले: लेख वाचून लोक लोपेरामाइडला, म्हणजे जुलाब थांबवणाऱ्या या गोळीला, उगीच घाबरतील, ओआरएसने, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याने, जुलाब थांबत नाहीत, मग त्याचा एवढा आग्रह कशाला, आणि चार वर्षांच्या नातवाला अर्धी गोळी दिली तर दोन तासांत गुण आला. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, दुसरा अर्धा बरोबर आहे. तिसरा मात्र मुलाच्या जिवाशी संबंधित आहे, म्हणून आधी तोच घेतो.

कृपा करून नातवाला ही गोळी पुन्हा देऊ नका, अर्धी नाही आणि पावही नाही. लोपेरामाइड अफूच्या कुळातलं औषध आहे. आतड्याच्या भिंतीवर काम करून ते आतड्याची हालचाल मंद करतं. नेमक्या मात्रेत घेतलं तर मोठ्या माणसाच्या मेंदूपर्यंत ते फारसं पोचत नाही. लहान मुलांत मात्र गुंगी येणं, श्वास मंदावणं, आतडं लुळं पडून पोट फुगणं हे धोके खरे आहेत. 1990 साली पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या तान्ह्या बाळांचे मृत्यू नोंदले गेले आणि ते थेंब बाजारातून मागे घ्यावे लागले. लहान मुलांच्या जुलाबावर बांधणारी औषधं देऊ नयेत, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आता 'गुण आला' याबद्दल. संडासला होणं थांबलं, एवढंच आपल्याला दिसतं. पण आतड्यात पाणी सुटणं चालूच असेल तर ते बाहेर न पडता पोटात साचतं. शरीराच्या दृष्टीने ते गेलेलंच असतं. घरचे मात्र जुलाब मोजत असतात आणि आकडा शून्य दिसला की पाणी पाजणं थांबवतात. इथेच घात होतो. मुलाचे जुलाब मोजा, पण त्याहून जास्त लक्ष लघवीकडे द्या. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, मूल मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे. ते त्याचं कामच नाही. जुलाबातही आतड्याचा एक मार्ग चालू असतो: ग्लुकोज आत शिरताना सोबत मीठ नेतं आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आलं. जुलाब झाले तरी माणसं जगली.

चुका होतात त्या पाणी कालवताना. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, एकदम पूर्ण. अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की द्रावण घट्ट होतं, आतड्यात उलट पाणी खेचतं आणि जुलाब वाढतात. 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचूनच पाणी घ्या. कालवलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली, त्यावरच्या मुलाला 100 ते 200 मिली, मोठ्यांना 200 ते 400 मिली द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत झिंक, रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब थांबले तरी ते मध्येच सोडू नका. खोक्यातलं गोड फळपेय म्हणजे ओआरएस नव्हे.

आता मोठ्यांचं. रात्रभराचा बसप्रवास आहे, पातळ पाण्यासारखे जुलाब आहेत, ताप नाही, रक्त नाही: अशा वेळी धडधाकट प्रौढाने लोपेरामाइड घ्यायला माझी हरकत नाही, आणि हे लेखात यायला हवं होतं. 2 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आधी, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर एक. स्वतःच्या मनाने दिवसाला चार गोळ्यांच्या, म्हणजे 8 मिलिग्रॅमच्या, वर जायचं नाही आणि दोन दिवसांहून जास्त घ्यायची नाही. गोळीचं रक्तातलं प्रमाण पूर्ण चढायला सुमारे पाच तास लागतात. 'अजून लागू पडत नाही' म्हणून एकामागून एक गोळ्या घेणारे इथेच फसतात. फार मोठ्या मात्रेत हे औषध हृदयाचा ठेका बिघडवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये तसा इशारा दिला. इट्राकोनाझोल (बुरशीवरचं औषध), क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा हृदयाच्या ठेक्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

रक्त किंवा आव पडत असेल, अंगात 101 च्या वर ताप असेल, पोट फुगलं असेल, तर गोळी नको. जंतू आणि त्यांचं विष बाहेर पडायला हवं तेव्हाच आपण दार लावून घेतो. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर जुलाब लागले असतील तरीही नको, कारण त्यामागे आतड्याला सूज आणणारा वेगळाच जंतू असू शकतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब म्हणजे पटकीची शंका: ओआरएस पाजत लगेच रुग्णालयात न्या.

दुकानदार देतो ती प्रत्येक 'बांधणारी गोळी' लोपेरामाइड नसते, म्हणून पट्टीवरचं घटकाचं नाव वाचा. रेसिकाडोट्रिल आतड्याची हालचाल थांबवत नाही, पाणी सुटणं कमी करतं. डायफेनॉक्सिलेट-अॅट्रोपिन ही दुसरी बांधणारी गोळी. ती मुलांच्या हाती लागली तर जिवावर बेततं आणि श्वास मंदावणं कित्येक तास उशिरा दिसू शकतं. मुलाने ती गोळी खाल्ली असेल तर तो बरा दिसतोय म्हणून घरी थांबू नका.

लेखातलं 'या गोळ्या घेऊच नका' हे वाक्य काढलं आहे. तिथे आता प्रौढांची मात्रा, 48 तासांची मर्यादा आणि कुणी घेऊ नये ते लिहिलं आहे. मुलांबद्दलचा परिच्छेद जसाच्या तसा ठेवला आहे.