ढगळ म्हणजे आरामदायी नव्हे

"छान दिसायचं असेल तर थोडं सोसावं लागतं." हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्यात काही खटकतं असंही कुणाला वाटत नाही. मला ते साफ चुकीचं वाटतं. दर दोन मिनिटांनी टॉप खाली ओढणारी, पट्टा सावरणारी, बुटात बोटं चेपल्यामुळे जपून पाऊल टाकणारी व्यक्ती कितीही महागाचं ल्यायलेली असो, बघणाऱ्याला आधी तिची अस्वस्थता दिसते. ऐट असते ती मोकळ्या चालण्यात, निवांत बसण्यात. अंगात काचणारा कपडा नेमकं तेच हिरावून घेतो.

पण याचं उलट टोकही मला पटत नाही. आराम हवा म्हणून दोन साइझ मोठा शर्ट घ्यायचा आणि "मला काय, मी कम्फर्ट बघते" म्हणायचं. ढगळ कपडा आरामदायी असतोच असं नाही, खूपदा तो नसतोच. कापड दारात अडकतं, बाह्या सारख्या वर साराव्या लागतात, गळा एका खांद्यावरून घसरत राहतो. सैल कपडेसुद्धा मापात सैल असावे लागतात. मुद्दाम ओव्हरसाइझ बेतलेला शर्ट आणि चुकीच्या साइझचा शर्ट यातला फरक लांबूनही कळतो, कारण पहिल्यात सैलपणा कुठे हवा हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मुंढा. बाही जिथे जोडली जाते तो गोल काप. मुंढा खोल, म्हणजे हात मोकळा, असं वाटणं अगदी साहजिक आहे. प्रत्यक्षात होतं उलट. मुंढा काखेपासून खूप खाली उतरला की बाही आणि धड तिथे खाली जोडलेले असतात. मग हात वर केला की बाहीबरोबर अख्ख्या शर्टाची बाजू वर ओढली जाते, खोचलेला शर्ट बाहेर येतो, पोट उघडं पडतं. मुंढा काखेच्या जवळ असेल, अर्थात काचणार नाही इतपत, तर हात वर जातो आणि शर्ट जागेवर राहतो. शिवाय बाजूने बघितलं तर धड आणि हात वेगळे दिसतात, अंगाला आकार येतो. म्हणजे जे सोयीचं तेच देखणं. माझा सगळा मुद्दा या एका शिवणीत आला.

म्हणून ट्रायल रूममध्ये आरशासमोर पोट आत घेऊन ताठ उभं राहण्याला काही अर्थ नाही. दिवसभर आपण असे उभे असतो का? बसून बघा. बसल्यावर कंबरेचा घेर वाढतो, आणि उभ्याने बरोबर वाटलेली पँट तिथे रुतायला लागते. बसल्यावर पँटची मागची बाजू खाली सरकत असेल तर कंबर नाही, आसन कमी पडतंय. अशा वेळी मोठी साइझ घेऊन उपयोग नाही, हाय राइज, म्हणजे उंच आसनाची पँट बघा. बसमधला दांडा धरल्यासारखा हात वर करा. बुटाची लेस बांधायला वाकतो तसं वाका. बटणांच्या मध्ये फटी पडताहेत का, पाठीत ताण येतोय का, तिथल्या तिथे कळेल.

कापडाचं लेबल वाचणं हेही तितकंच महत्त्वाचं. बाष्प शोषण्याच्या बाबतीत सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतो आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के, म्हणून साध्या विणीचं पॉलिएस्टर उकाड्यात अंगाला चिकटतं. व्यायामाच्या पॉलिएस्टर कपड्यांची वीणच घाम पसरवून उडून जाईल अशी करतात, तो भाग वेगळा. लिनन चुरगळतं म्हणून लोक टाळतात, मला त्याच्या चुण्या आवडतात. आणि रोजच्या जीन्समध्ये एक-दोन टक्के स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा, असावं हे माझं ठाम मत आहे. जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत हा धागा तयार केला. गुडघा दुमडताना जीन्स अडत नाही ती त्याच्यामुळे.

या विषयावर मला सगळ्यात जवळची वाटते ती अमेरिकन डिझायनर क्लेअर मॅकार्डेल. बायकांच्या ड्रेसची चेन पाठीवर असायची, म्हणजे ती लावायला दुसरं कुणीतरी हवं. तिने चेन बाजूला आणली, बाईला स्वतःचा ड्रेस स्वतः घालता यावा म्हणून. १९४२ मध्ये तिने 'पॉपओव्हर' ड्रेस केला. घरकामासाठी पटकन चढवता येईल असा, गुंडाळून बांधायचा, मोठ्या खिशाचा. दुसऱ्या महायुद्धात चामड्याच्या बुटांवर रेशनिंग आलं तेव्हा तिने बॅले नर्तकींच्या सपाट चपलांना टणक तळ लावून घेतला. आज आपण बॅलेरिना म्हणून घालतो त्या रस्त्यावरच्या फॅशनमध्ये आल्या त्यात तिचा मोठा वाटा आहे. यातली एकही गोष्ट कुरूप नव्हती. उलट त्या काळात त्या फॅशन म्हणून मिरवल्या गेल्या.

बुटांबद्दल एवढंच सांगते, ते संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. आणि पुढून निमुळता होणारा बूट "वापरून सैल होईल" या भरवशावर कधीही घेऊ नका.

आता खिसे. यावर मला खरंच राग येतो. २०१८ मध्ये 'द पुडिंग' या संकेतस्थळाने अमेरिकेतल्या लोकप्रिय ब्रँडच्या जीन्स मोजल्या. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल निघाले. जवळपास निम्मे! खिशाने आकार बिघडतो हे कारण मला मान्य नाही. बाजूच्या शिवणीत बसवलेला खोल खिसा बाहेरून दिसतसुद्धा नाही, आणि हात खिशात घालून उभं राहिलेलं माणूस किती सहज, किती छान दिसतं.

तयार कपडे कुणा एकाच्या अंगासाठी शिवलेले नसतात, त्यामुळे ते जसेच्या तसे बसले नाहीत तर दोष आपल्या शरीराचा नाही. आल्टर करून घ्या. मात्र विकत घेताना खांदा तेवढा नीट बघा, शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी, कारण खांदा आणि मुंढा उसवून पुन्हा बसवणं किचकट काम असतं. बाकी पँटची उंची, कंबर, बाहीची लांबी, बाजूचा घेर, सगळं सहज कमी होतं. वाढवायचं असेल तर आतून माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, किती सोडली आहे ते उलटून बघा. आणि टेलरकडे गेलातच आहात तर बाजूची शिवण उसवून खिसा लावून मागा, मोबाइल अख्खा आत जाईल एवढा खोल.